मला ब्युनोस आयर्सला पाठवलं तेव्हा

मला सख्खा भाऊ नाही. अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनला आल्यावर एक मिळाला, असं मी नागपूरला आईला फोनवर सांगितलं होतं, आणि तिला इतका आनंद झाला होता की पुढच्या पार्सलमध्ये माझ्याबरोबर त्याच्यासाठीही चिवडा आला.

तो माझा मॅनेजर होता. मूळचा पुण्याचा, अमेरिकेत माझ्यापेक्षा दहा वर्षं आधी आलेला. ऑफिसात मी त्याला इतरांसारखी नावाने हाक मारायची, घरी दादा म्हणायची. त्याच्या बायकोला वहिनी. त्यांची मुलगी मला आत्या म्हणायची, तेवढा एक शब्द मराठीत आणि पुढचं सगळं इंग्रजीत. दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला. गाडी चालवायला त्याने मला शिकवलं, एका बंद पडलेल्या दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये. बर्फात माझी बॅटरी गेली की केबल घेऊन तोच यायचा. माझी ग्रीन कार्डाची फाइल पुढे सरकावी म्हणून एचआरच्या मागे लागला तोही तोच. मला तापाने घेरलं होतं त्या आठवड्यात वहिनींनी मला त्यांच्या घरी हलवलं होतं आणि त्यांच्या मुलीने स्वतःची खोली मला दिली होती. हे सगळं मी सांगते आहे, कारण पुढचं सांगताना हे खोटं होतं असं मला म्हणायचं नाही. ते खोटं नव्हतं. तेच तर समजायला जड जातं.

२००५ सालच्या भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं. त्याने तबकात एक जाड पुस्तक ठेवलं, रंगीत कागदात गुंडाळलेलं.

"उघड."

ब्युनोस आयर्सचं गाइडबुक होतं.

"दोन आठवडे," तो म्हणाला. "तिथे आपला एक पार्टनर आहे. त्यांच्या टीमला आपली सिस्टीम शिकवायची. आपण झोपलेलो असताना आलेले कॉल ते घेतील, एवढंच. वीकएंड तुझे. मस्त फिरून ये."

"मला का? बाकीचे सीनियर आहेत की."

"तुझ्याइतकं ते कुणाला येतं? आणि तुला फिरायला आवडतं."

हॉस्पिटलांची बिलं इन्शुरन्सकडून मंजूर करून घ्यायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. त्यातला सगळ्यात किचकट भाग माझ्याकडे होता आणि मला त्याचा अभिमान होता. मी त्याच्या पाया पडले. त्याने "अगं, अगं" करत मला उठवलं. वहिनी डब्यात करंज्या भरत होत्या. "जपून जा गं," एवढंच म्हणाल्या आणि झाकण शोधायला आत गेल्या. मुलगी माझ्याभोवती नाचत होती. "आत्या, कॅन यू ब्रिंग मी अ पेंग्विन?" तिच्या खांद्याला चामड्याची एक छोटी पर्स होती, लाल आणि तपकिरी चौकटींची. ऑगस्टमध्ये तिचे बाबा कंपनीच्या ट्रेनिंगला टेक्सासला गेले होते, तिथून आणलेली. ती पर्स ती झोपतानाही काढत नसे.

विमानातून उतरले तेव्हा तिकडे उन्हाळा सुरू होत होता. रस्तेच्या रस्ते नीलमोहराने भरले होते. आमच्या कॉलेजच्या आवारात एकच नीलमोहर होता आणि त्याच्याखाली उभं राहून फोटो काढायला मुली रांग लावायच्या. इथे बसस्टॉपवर, बँकांसमोर, कचऱ्याच्या डब्यांवरसुद्धा तो जांभळा सडा पडलेला. हॉटेलची खिडकी उघडून मी दोन्ही हात बाहेर काढले आणि मोठ्याने हसले. तेव्हाची मी मला आता बघवत नाही.

ज्यांना शिकवायचं होतं त्या गटाची प्रमुख पन्नाशीची एक बाई होती. आखूड पांढरे केस, चालताना हात पाठीमागे बांधायची सवय. आधी एका बँकेत होत्या. २००१ साली त्यांच्या देशात सगळं कोसळलं, बँकांनी लोकांना त्यांचेच पैसे द्यायचं थांबवलं, आणि त्यात त्यांची नोकरी गेली. मग त्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर नव्याने शिकायला बसल्या. इंग्रजी सावकाश बोलायच्या, शब्द निवडून. पहिल्या आठवड्यात त्यांचं सगळ्या गटापेक्षा जास्त लक्ष असायचं, पण माझ्याकडे सरळ बघायच्या नाहीत. मला वाटलं, लाजाळू आहेत. शुक्रवारी मात्र स्वतःहून म्हणाल्या, "शनिवार-रविवार तू एकटी फिरू नकोस. मी येते."

शनिवारी त्यांनी मला प्लाझा द मायोला नेलं. ताडाची उंच झाडं, समोर राष्ट्राध्यक्षांचा गुलाबी राजवाडा, बाजूला कोर्टासारखं दिसणारं खांबांचं चर्च. चौकाच्या मध्यावर फरशीवर पांढऱ्या रंगात डोक्याला बांधायचे रुमाल रंगवलेले होते, गोलाकार. लष्करी राजवटीत ज्यांची मुलं उचलून नेली आणि परत दिली नाहीत, त्या आया दर गुरुवारी असे पांढरे रुमाल बांधून इथे फेऱ्या घालतात, असं त्यांनी सांगितलं. "माझ्या वर्गातला एक मुलगा होता त्यात," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या. मी त्या रुमालांवर पाय पडू नये म्हणून कडेने गेले.

पुढच्या रस्त्यावर बँकांच्या लोखंडी दारांना जागोजागी पोचे पडलेले होते. "हे पातेल्यांनी," त्या म्हणाल्या. "आम्ही बायका घरातली पातेली घेऊन आलो होतो. मीसुद्धा. माझ्याच बँकेच्या दारावर मी पातेलं आपटलं." आणि पहिल्यांदाच हसल्या.

तिथून आम्ही भुयारी रेल्वेने गेलो. त्या लाइनवर तेव्हा जुने लाकडी डबे धावायचे. आत पिवळे काचेचे दिवे, लाकडी बाकं, आणि दार आपण हाताने सरकवायचं. गाडी वळली की सगळा डबा कुरकुरायचा. मग आरशांच्या भिंतींचं एक जुनं कॉफीहाउस. म्हातारा वेटर, काळं जाकीट, खांद्यावर पंचा. मी मांस खात नाही म्हटल्यावर त्याने अत्यंत सहानुभूतीने मान हलवली आणि चिकन सुचवलं. त्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की त्याने शेवटी साखरेचा पाक लावलेल्या चंद्रकोरीच्या आकाराच्या पावांची बशीच आणून ठेवली.

दुपारी रेकोलेताची स्मशानभूमी बघितली. स्मशान बघायला जायचं म्हणून मी कचरत होते. पण ते एक गावच आहे, गल्ल्यांचं. प्रत्येक श्रीमंत घराण्याची संगमरवरी खोली, तिला दार, दाराला काच, आत शवपेट्या आणि कुणीतरी ठेवलेली खुर्ची. मांजरी निवांत झोपलेल्या. एका राष्ट्राध्यक्षाच्या लाडक्या बायकोच्या कबरीसमोर गर्दी होती. आम्ही ती टाळून मागच्या गल्लीत बसलो. त्यांनी पायातले बूट काढले, मीही काढले. मी त्यांना दादाबद्दल सांगितलं. आमच्यात मानलेला भाऊ कसा असतो, त्याला ओवाळायचं म्हणजे काय करायचं, त्याने ही ट्रिप कशी ओवाळणीत घातली. त्या ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "तो चांगला माणूस आहे?"

"खूप."

त्यांनी बूट पुन्हा घातले.

परत येताना दुकानांच्या गजबजलेल्या रस्त्यावर चामड्याच्या वस्तू टांगल्या होत्या, आणि त्यात लाल-तपकिरी चौकटींची ती पर्स होती. अगदी तीच. मी हसून त्यांना म्हटलं, "माझ्या भाचीकडे हीच आहे. टेक्सासची."

रविवारी सान तेल्मो. तो शहराचा सगळ्यात जुना भाग. दगडी रस्ते, लोखंडी कठड्यांचे सज्जे, आणि घरं अशी की दारातून बघितलं तर एकामागे एक तीन अंगणं दिसावीत. एके काळी ही बड्या लोकांची घरं. मग पिवळ्या तापाची साथ आली आणि ते सगळे घरं टाकून उत्तरेला निघून गेले. मागाहून इटलीहून, स्पेनहून जहाजांनी आलेली गरीब माणसं त्यात शिरली, एका खोलीत एक कुटुंब. आता तिथे जुन्या वस्तूंची दुकानं आहेत, आणि रविवारी सगळा बाजार रस्त्यावर येतो. निळ्या-हिरव्या सोड्याच्या बाटल्या, ग्रामोफोनचे कर्णे, चांदीचे चमचे. एक वयस्क जोडपं फळकुटावर टँगो नाचत होतं. त्या बाईचे डोळे मिटलेले होते आणि तरी पाऊल चुकत नव्हतं.

अशाच एका घराच्या दुसऱ्या अंगणात आम्ही कॉफी प्यायला बसलो. मी सोड्याची एक निळी बाटली घेतली होती, वहिनींसाठी. ती मांडीवर ठेवून मी कागद नीट करत होते.

त्या म्हणाल्या, "मला तुझी माफी मागायची आहे. आठवडाभर मला धीर होत नव्हता."

"कसली माफी?"

"तू रोज हसत येतेस आणि आम्हाला सगळं शिकवतेस. काहीही हातचं राखत नाहीस. मी नवऱ्याला म्हटलं, हिच्या जागी मी असते तर मला जमलं नसतं. माझी नोकरी गेली तेव्हा मी पातेलं आपटलं होतं. तू आपली नोकरी घेणाऱ्यांना शिकवायला आलीस."

मी म्हटलं, "माझी नोकरी कुणी घेत नाहीये. तुम्ही रात्रीचे कॉल घेणार आहात."

त्यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या भाषेत स्वतःशीच काहीतरी म्हणाल्या.

"तुला सांगितलं नाही?"

अंगणात कुणीतरी खुर्ची सरकवली, त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

"तुझा मॅनेजर ऑगस्टमध्ये इथे आला होता," त्या म्हणाल्या. "त्यानेच आम्हाला निवडलं. म्हणाला, नव्या वर्षात व्हर्जिनियाची टीम बंद होणार, सगळं काम इथे येणार. तिथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त जी शिकवायला येईल तिच्याशी हा विषय काढू नका, ती हळवी आहे."

ऑगस्टमध्ये तो टेक्सासला होता. त्याला विमानतळावर मीच सोडलं होतं, माझ्या गाडीतून, जी चालवायला त्यानेच मला शिकवलं होतं. मला आधी त्या पर्सचं आठवलं. नोकरीचं, व्हिसाचं, फाइलचं नंतर. त्या लहान मुलीला त्याने टेक्सास सांगितलं होतं, म्हणजे मला कळू नये म्हणून तिलाही फसवलं होतं.

माझ्या तोंडून निघालं, "मला फोन करायचा आहे."

तिथे तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर फोन करायची दुकानं असत, आत काचेच्या छोट्या खोल्या. त्या बाहेर थांबल्या, माझी बाटली धरून. फोन मुलीने उचलला.

"आत्या! डिड यू फाइंड द पेंग्विन?"

"शोधतेय गं. बाबांना दे."

मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. रविवारची जेवणाची वेळ.

"काय म्हणतंय ब्युनोस आयर्स?" तो खुशीत होता. "बघितलास ना सान तेल्मो? रविवारचा बाजार असतो तिथे."

"दादा, तू ऑगस्टमध्ये इथे आला होतास?"

कुकरची शिट्टी पुन्हा झाली. मला वाटलं तो म्हणेल, कसलं काय, वेडी आहेस का. मी त्यावरही विश्वास ठेवला असता.

तो म्हणाला, "कोण म्हणालं तुला?"

बाहेर, काचेपलीकडे, त्या पाठीमागे हात बांधून उभ्या होत्या. एका हातात निळी बाटली.

"कुणी नाही," मी म्हटलं. "खरं का ते सांग."

"आपण आल्यावर बोलू. फोनवर नको. आणि हे बघ, तिथे कुणाशी काही बोलू नकोस. प्लीज."

"आमची टीम बंद होतेय?"

"आल्यावर बोलू म्हटलं ना मी." मग आवाज एकदम मऊ केला. "जेवलीस का तू?"

मी फोन ठेवला.

सोमवारी मी ऑफिसला गेले. लगेच अमेरिकेला परत का नाही गेले, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. माझा व्हिसा त्या नोकरीवर होता, तिकीट कंपनीचं होतं, आणि समोर बसलेल्या माणसांनी माझं काही बिघडवलं नव्हतं. मी शिकवलं. हसणं मात्र जमलं नाही. त्या बाई जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसायच्या. एका दुपारी मी कुणाला न सांगता बाहेर पडले आणि बस पकडून ला बोकाला गेले. बंदराकाठची ती वस्ती. पत्र्याची घरं, जहाजांचा उरलेला रंग लावून रंगवलेली, एक भिंत पिवळी, एक निळी, खिडकी लाल. गाइडबुकात तिचा फोटो मुखपृष्ठावरच होता. तिथे गर्दीत एका फोटोवाल्याने मला उभं करून विचारलं, "हॉलिडे?" मी हो म्हटलं. मग नदीच्या कठड्याशी जाऊन, तेलकट पाण्याकडे बघत, हुंदके देऊन रडले. शेजारी मासे धरायला बसलेल्या म्हाताऱ्याने गळ उचलला आणि थोडा पलीकडे जाऊन बसला. मला एकटं सोडावं म्हणून.

निघताना विमानतळावर त्या बाई आल्या होत्या. मला घट्ट धरलं. "मी बोलायला नको होतं का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही एकट्याच बोललात," मी म्हटलं.

हर्नडनला पोचले त्या संध्याकाळी तो माझ्या अपार्टमेंटवर आला. एकटा. हातात वहिनींनी दिलेला डबा. मी त्याला बस म्हटलं नाही, तरी तो बसला.

"मी सही केली होती. कॉन्फिडेन्शियल होतं. तुला सांगितलं असतं तर माझं काय झालं असतं, विचार कर. माझं ग्रीन कार्ड शेवटच्या टप्प्यावर आहे. घर घेतलंय. मुलीची शाळा."

"तुझी नोकरी राहतेय?"

त्याने डबा मांडीवर घेतला.

"राहतेय," तो म्हणाला. "ट्रान्झिशन नीट झालं तर."

म्हणजे मी नीट शिकवलं तर. हे मला त्या क्षणी कळलं, आणि ते त्यालाही दिसलं असावं, कारण त्याने नजर वळवली.

"मी तुला दुसरीकडे लावून देणारच होतो. बोलून ठेवलंय मी दोघा-तिघांशी. तुला वाऱ्यावर सोडेन का मी?"

"मग मलाच का पाठवलंस? दुसऱ्या कुणाला पाठवायचं होतंस."

"अगं, तुझ्या हातात पुढे काय राहणार होतं? मला वाटलं, निदान हे शहर तरी बघून येशील. कंपनीच्या खर्चाने. खरंच सांगतो, तुझ्याचसाठी मी ते करून घेतलं."

तो खरं बोलत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने मला फसवलं आणि त्याच हाताने मला बक्षीस दिलं, आणि या दोन गोष्टी त्याच्या मनात एकमेकींना कुठे लागतच नव्हत्या. ओरडायचं म्हणून मी जे शब्द विमानात जुळवून ठेवले होते ते सगळे निकामी झाले.

"वहिनींना ठाऊक होतं?"

"तिला मध्ये आणू नकोस."

"म्हणजे होतं."

तो उठला. डबा टेबलावर ठेवून गेला. मी तो उघडला नाही. दुसऱ्या दिवशी तसाच नेऊन ऑफिसात त्याच्या टेबलावर ठेवला.

जानेवारीत आम्हाला एका खोलीत बोलावून सांगण्यात आलं. बाकीच्यांना धक्का बसला. एकाची बायको बाळंत व्हायची होती. त्यांना मी आधी सांगायला हवं होतं असं त्यांच्यापैकी कुणी म्हणालं नाही, कारण मी ब्युनोस आयर्सहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. त्यांनीच माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता. "तो असं करणार नाही यार," म्हणाले. "तुला तर बहीण मानतो."

नवी नोकरी मिळायला वेळ लागला. ती शिकागोजवळ मिळाली, मी स्वतः शोधलेली. ग्रीन कार्डाची रांग पुन्हा पहिल्यापासून. वहिनींचे फोन यायचे, मी उचलत नसे. नंतर ते यायचे थांबले. आईला मी बरेच महिने काही बोलले नाही. ती चिवडा पाठवतच होती आणि मी एकटीच तो खात होते.

२००८ च्या उन्हाळ्यात शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूवर, देशी दुकानांच्या रस्त्यावर, मी भाजी घ्यायला गेले होते. साड्यांच्या एका दुकानातून वहिनी बाहेर आल्या. कुणाच्यातरी लग्नासाठी शिकागोला आल्या होत्या. आम्ही दोघी फुटपाथवर समोरासमोर. मागून बस हॉर्न देत होती.

"बारीक झालीस," त्या म्हणाल्या. मग एकदम, "मी त्यांना म्हटलं होतं गं. पोरीला सांगा म्हणून. दोनदा म्हटलं."

"तुम्ही सांगायचं होतंत, वहिनी."

त्यांनी मान खाली घातली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आम्ही कॅलिफोर्नियाला चाललोय, क्युपर्टिनोला," त्या म्हणाल्या. "त्यांना तिकडे मोठी पोस्ट मिळाली."

मी अभिनंदन म्हटलं नाही. दुकानाच्या दारात त्यांची मुलगी उभी होती, माझ्या खांद्याएवढी झालेली. तिने मला ओळखलं. हात अर्धवट वर केला, आईकडे बघितलं, आणि तसाच खाली घेतला. मला आत्या म्हणायची तिला परवानगी आहे की नाही, हे तिला कळत नव्हतं.

मी तिच्याजवळ गेले. "किती उंच झालीस," म्हटलं. ती इंग्रजीत "थँक यू" म्हणाली, परक्या बाईला म्हणतात तसं. तिच्या बाबांवर मी जेवढी चिडले होते ते सगळं तोवर बरंचसं निवलं होतं. पण त्या "थँक यू"ने मला जे झालं ते त्या दोन आठवड्यांत कधी झालं नव्हतं. मी भाजी न घेताच गाडीत जाऊन बसले, आणि पार्किंगचं मीटर संपून गेलं तरी गाडी सुरू केली नाही.